कोपरापर्यंत रंग

हे मी कोणाले सांगितलं नाही — बायकोले नाही, देवापुढंही नाही. तुम्हाले सांगतो. आइकून घ्या, बस.

माया मोठ्या भावाची, दादाची, चिखलीच्या अलीकडे द्राक्षाची बाग होती. माया लग्नाच्याही आधीची. वेल बुढे, घड थोडे, पण रस असा दाट का इचारू नका. दादा त्याची लाल वाईन करे, गोडवा अजिबात नसलेली, जुन्या रीतीनं. द्राक्षं पायानं तुडवायची, टाकीत ठेवायची, अन् वर आलेला सालीचा थर सकाळ-संध्याकाळ हातानं खाली दाबायचा. दांडा लावू देत नसे. बिया फुटल्या का कडू होते म्हणे. थर वरच्या वर सुकला तं सगळा माल नासला समजा. पण हात कोपरापर्यंत जांभळे होत. किती घासा, रंग जात नसे.

परवाना होता, सगळं कायदेशीर होतं. पण आमच्याकडं वाईन काय अन् दारू काय, एकच.

त्या हंगामात दादा डेंगूनं दवाखान्यात भरती झाला. टाकी माया भरोशावर. अन् तवाच पिंपळगाव राजाचे पाव्हणे माया पोरीले पाहाले येणार होते — घरच माळकरी. आमची द्राक्षं मनुक्याची, असं मी त्याईले सांगून बसलो होतो. मंग जांभळ्या हातानं चहाचा कप कसा देऊ? टाकीवर झाकण ठेवलं, अन् सोयरीक पक्की होईपर्यंत तिकडं फिरकलोच नाही. एखादा गडी लावता आला नसता? आला असता. पण गडी गावात बोलला असता.

झाकण काढलं तं आंबट भपका नाकात गेला.

दादा घरी यायच्या सकाळी मी काय केलं? — त्या नासलेल्या मालात दोन्ही हात बुडवून बसलो. रंग चढेपर्यंत.

दादानं घोटभर चाखलं अन् थुंकलं. मंग माया हाताकडं पाह्यलं, तं त्याचे डोळे भरून आले.

"तू तं लय राबला बे," तो म्हणे. "वेलच थकले."

उन्हाळ्यात त्यानं बाग उपटली. ट्रॅक्टरची साखळी बुंध्याले मीच बांधे. दादा बुंध्यावरून एकदा हात फिरवे, अन् मंग 'ओढ' म्हणे.

इथंच थांबलो असतो तं बरं होतं. पण खरं पाप पुढंच आहे.

पोरीचं लग्न झालं. पुढच्या वर्षी बांधाजवळ, जमिनीत राह्यलेल्या एका मुळीतून कोंब फुटला. दादा माया हात धरून दाखवाले घेऊन गेला. किती खूश होता — लहान लेकरावानी.

"याले वाढू देऊ का?" तो म्हणे. "तू सांग. माल तू सांभाळला होता, तुले समजते."

वाढला असता तो. घड लागले असते, तोच दाट रस निघाला असता. अन् वेल कधी थकलेच नव्हते, हे दादाले कळलं असतं.

मी म्हटलं, "काढून टाक."

त्यानं वाकून कोंब उपटला, अन् पायानं माती सारखी केली.