एकोणीस नंबरचा नग

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत शिडी हवी असेल तर सही करावी लागते. शिडी सोसायटीची, जिना सोसायटीचा, पण वही सावळीराम गांगुर्डे यांची. 'शिडी, नग क्रमांक ४. गेली ९.१०. आली ९.५५. स्थिती ठीक, एका पायरीला रंग लागला.' तो रंग मी लावला. दोन वर्षं झाली, अजून जिन्यात भेटले की गांगुर्डे आधी माझ्या हातांकडे बघतात, मग नमस्कार करतात.

हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस बावीस वर्षं तोफखान्यात होता आणि त्यातली सोळा कोतमध्ये. कोत म्हणजे पलटणीची शस्त्रं ठेवायची कुलूपबंद खोली. तोफ किती वेळा डागली असं विचारलं तर गांगुर्डे विषय बदलतात. पण कोणती रायफल कोणाला दिली, किती वाजता दिली, परत आली तेव्हा नळीत धूळ होती का, हे विचारून बघा. समोरचा चहा गार होईल. शस्त्राच्या दस्त्यावर रंगाने क्रमांक टाकलेला असतो, त्याला बट नंबर म्हणतात. असे तीनशे बारा बट नंबर, मालकांच्या नावांसकट, त्यांना आजही पाठ आहेत. बायकोने सांगितलेली कोथिंबीर मात्र कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंतही डोक्यात टिकत नाही.

"मलाच एक नंबर टाकून घ्यायला पाहिजे होता," लंकाबाई म्हणतात. "म्हणजे माहेराहून परत न्यायचं तरी ह्यांच्या ध्यानात राहिलं असतं."

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी चारच्या सुमाराला मी त्यांच्याकडे शिडीची सही करत होतो, तेवढ्यात फोन आला. गांगुर्डे उभे राहिले. मग टाचा जुळवल्या. फोनवर बाई होती हे मला नंतर कळलं. देवळाली कॅम्पात राहणाऱ्या निवृत्त मेजर जनरल रविराज बोरस्ते यांची मुलगी, वेदिका.

"बाबांनी पिस्तूल हातात घेतलंय, काका. सकाळपासून व्हरांड्यात बसलेत. कोणाला जवळ येऊ देत नाहीत."

गांगुर्ड्यांनी घड्याळ पाहिलं. "ताई, साडेपाचच्या आत पोचतो," ते म्हणाले. साडेपाचच का, हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. त्यांनी कपाटातून जुनी काळी टोपी काढली, शिडीची वही काखेत मारली, आणि जिन्याखालची सोसायटीची आगीची लाल बादली उचलली, आतल्या वाळूसकट. दारापर्यंत गेले, परत आले, आणि बादली बाहेर गेल्याची वहीत नोंद केली.

"भाऊजी, गाडी तुम्ही चालवा," लंकाबाई मला म्हणाल्या. "ह्यांच्या हातात दिलीत तर सिग्नलला सिग्नलची सही मागत बसतील." बोलल्या हसत, पण पदर घट्ट पिळून धरला होता.

वाटेत गांगुर्डे बोलत होते ते माझ्याशी नाही, समोरच्या काचेशी. जनरलसाहेब एकोणऐंशीचे. बाईसाहेब गेल्यापासून दोन वर्षांत त्यांच्या डोक्यातली सालं एकमेकांत मिसळली होती. कधी दोन हजार चोवीस, कधी सत्याऐंशी, कधी एकाहत्तर. पिस्तूल त्यांचं स्वतःचं, परवान्यावरचं, निवृत्तीच्या वेळी घेतलेलं. वर्षभर कपाटात कुलपात असतं. खंडेनवमीला पूजेला निघतं, हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल बसतं, आणि संध्याकाळी परत आत जातं. यंदा ते आत गेलंच नाही. साहेबांनी पट्टा कमरेला बांधला आणि काढलाच नाही. तरी दोन दिवस ते नुसतं कमरेलाच होतं. आज सकाळी सुट्टी संपली आणि रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला.

कॅम्पाच्या बाजूला तो आवाज कोणाच्या खिजगणतीत नसतो. नवा भाडेकरू तेवढा खिडकी उघडून बघतो. पण ज्याच्या डोक्यात एकाहत्तर साल सुरू आहे त्याने तो ऐकून काय करावं?

"एकाहत्तरला साहेब कॅप्टन होते," गांगुर्डे म्हणाले. "तोफा राहतात मागं, चारपाच मैल. आणि एक अधिकारी पुढं टेकडीवर बसून सांगतो, गोळा इथं टाका, तिथं टाका. तो अधिकारी साहेब. दुर्बीण, वायरलेस आणि पिस्तूल. रेडिओवाला जखमी झाला, मग तीन दिवस एकटे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी पिस्तुलानं माणूस मारला नाही. चांदमारीतसुद्धा शेजाऱ्याच्या पाटीवर गोळ्या घालायचे, शेजाऱ्याला बढती मिळायची. पण त्या तीन दिवसांत एक सवय लागली."

"कसली?"

"तोफा वाजायला लागल्या की एक गोळी नळीत चढवून ठेवायची. गोळ्यांचं मॅगझिन काढलं तरी ती आतच राहते."

मी गिअर बदलला. लांबून धडाम् असा आवाज आला. एरवी मला तो ऐकूही आला नसता.

बंगल्यापासून चार घरं अलीकडेच वेदिकाताई उभ्या होत्या. त्यांच्यासोबत स्वयंपाकाच्या चतुराबाई, हातात अजून लाटणं.

"पोलिसांना नाही बोलवायचं मला, काका," ताई म्हणाल्या. "खाकी दिसलं की ते काय करतील सांगता येत नाही. आणि काही झालं नाही तरी उद्या सगळ्या कॅम्पात होईल, जनरल वेडे झाले. त्यांना जन्मभर ज्यांनी सलाम केला ते फाटकातून वाकून बघतील. ते नको."

"सकाळी दूधवाल्याला म्हन्ले, परवलीचा शबूद सांग," चतुराबाई मधेच म्हणाल्या. "त्यो येडा म्हन्ला, म्हशीचं! साहेब म्हन्ले, चूक. तवापास्नं दूध नाय आन् चा नाय. लय वंगाळ बगत्यात हो."

गांगुर्ड्यांनी ताईंकडून परवान्यावरचा नंबर विचारून वहीत उतरवून घेतला. टोपी नीट केली. एका हातात बादली, एका काखेत वही. सदुसष्ट वर्षांचा, पोट सुटलेला माणूस. पण रस्त्यावर पाऊल पडलं ते कवायतीचं. ताई आणि मी कुंपणाच्या मेंदीआड थांबलो. माझ्या विनोदी स्वभावाने तिथवर येऊन माझी साथ सोडली होती.

जनरलसाहेब वेताच्या खुर्चीत बसले होते. पायजमा, स्वेटर, त्यावर पट्टा. पिस्तूल उजव्या गुडघ्यावर, तोंड फाटकाकडे. दाढी मात्र गुळगुळीत केलेली.

"थम! कौन आता है?"

"दोस्त," गांगुर्डे म्हणाले आणि थांबले. "लान्स नाईक गांगुर्डे, सर. कोत."

"काय आहे?"

"सर, साडेपाच झाले. कोत बंद होत नाही. एक नग बाहेर आहे."

ही वाक्यं मला माहीत होती. आमच्या सोसायटीत ती प्रत्येकाने निदान सहा वेळा ऐकली आहेत. सत्याऐंशी साली बोरस्तेसाहेब कर्नल होते, पलटणीचे मालकच. सरावावरून थकून आले आणि पिस्तूल कमरेला तसंच ठेवून बंगल्यावर गेले, म्हणाले उद्या जमा करू. लान्स नाईक गांगुर्डे कोत उघडी टाकता येईना म्हणून पहारेकरी बसवून थेट साहेबांच्या दारात गेले आणि नेमकं हेच बोलले. साहेबांनी पिस्तूल दिलं, पण डोळे असे वटारले की सगळ्या पलटणीने गांगुर्ड्यांचं सामान बांधायला घेतलं. दुसऱ्या दिवशी परेडवर साहेबांनी त्यांच्या बाहीवर आणखी एक फीत चढवली. नाईक केलं. त्याच्यापुढची फीत हवालदाराची.

खुर्चीतला माणूस किंचित हलला. "नंबर?"

गांगुर्ड्यांनी वही उघडली आणि परवान्यावरचा सहा आकडी नंबर वाचला.

"चूक."

पिस्तूल गुडघ्यावरून उठलं आणि छातीच्या उंचीला आलं. रेंजवर पुन्हा धडाम् झालं. ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या नखांच्या खुणा दोन दिवस दिसत होत्या.

"कोण आहेस तू?" साहेबांचा आवाज अगदी शांत होता, तेच वाईट होतं. "माझ्या गांगुर्डेला नंबर वाचून बघावा लागत नाही."

गांगुर्ड्यांची मान ताठ झाली. त्यांनी वही मिटली, टाचा जुळवल्या आणि सत्याऐंशीतल्या त्या पिस्तुलाचा नंबर सांगितला.

"बट नंबर एकोणीस, सर. डाव्या बाजूला चरा. आपण जीपच्या दारावर आपटलं होतं."

"मी नाही. ड्रायव्हरनं."

"वहीत आपलं नाव आहे, सर."

मेंदीवर एक माशी बसली, उडाली. मग साहेबांच्या ओठाचं एक टोक जरासं वर गेलं. "तू फार त्रासदायक माणूस आहेस, गांगुर्डे."

"होय सर." गांगुर्डे पायऱ्या चढले, वाळूची बादली खुर्चीपासून हातभर अंतरावर ठेवली आणि हळूच, बाळ उठू नये अशा आवाजात म्हणाले, "खाली कर." म्हणजे शस्त्र रिकामं करण्याचा हुकूम.

साहेब उभे राहिले. सकाळी मुलीचं नाव न आठवलेला हा माणूस. पण अंगठा बरोबर कळीवर गेला आणि मॅगझिन तळहातावर अलगद उतरलं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. मग पिस्तूल पुढे केलं. नळीचं तोंड थेट गांगुर्ड्यांच्या स्वेटरच्या तिसऱ्या बटणावर.

"खाली आहे. घे."

गांगुर्ड्यांनी हात पुढे केला नाही.

"सर, मला बघावं लागेल."

"मी सांगतोय खाली आहे. माझा शब्द आहे."

"वहीत शब्दाचा रकाना नाही, सर."

मेजर जनरलला हवालदार हे बोलला. साहेबांच्या कपाळावरची शीर फुगली. बोट चापाच्या कडीत होतं. मला आठवतंय, त्या क्षणी मी मनातल्या मनात शिडीच्या पायरीचा रंग खरवडून देण्याचं कबूल केलं, कोणाला ते माहीत नाही.

रेंजवरचा सराव तेवढ्यात थांबला असावा. पुढचा आवाज आलाच नाही. साहेबांनी एकदा टेकड्यांच्या दिशेने कान दिला, मग नळी वळवून वाळूत रोखली आणि वरचा भाग खाडकन मागे ओढला.

पिवळीधमक गोळी बाहेर उडाली, फरशीवर टिणटिण नाचली आणि साहेबांच्या चपलेला लागून थांबली.

साहेब त्या गोळीकडे बघत राहिले. मग व्हरांड्याकडे, स्वतःच्या पायजम्याकडे, मेंदीमागे दिसणाऱ्या मुलीच्या डोक्याकडे, आणि शेवटी गांगुर्ड्यांच्या तिसऱ्या बटणाकडे. त्या एका मिनिटात ते एकाहत्तरातून चालत चालत आजपर्यंत आले, आणि त्यांचं वय सगळंच्या सगळं चेहऱ्यावर आलं.

"ही मी चढवली?"

गांगुर्डे उत्तर द्यायला वाकले नाहीत, गोळी उचलायला वाकले. साहेबांनी पिस्तूल आपणहून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तीनदा तपासलं, प्रकाशाकडे धरून नळीत पाहिलं, रुमालात बांधलं. मग वही उघडून लिहिलं आणि सहीसाठी पुढे केली.

साहेबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "'पिस्तूल, नग एकोणीस. जमा, साडेपाच. जमा करताना अधिकाऱ्याने स्वतः खाली करून आणले होते. स्थिती उत्तम.'" त्यांनी मान वर केली. "गांगुर्डे. ही खोटी नोंद आहे."

"होय सर."

"आयुष्यात पहिली?"

"होय सर."

"शिक्षा माहीत आहे?"

"एक फीत उतरते, सर."

साहेबांनी सही केली. झोकदार, पूर्वीसारखी. मग खुर्चीत बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. वेदिकाताई आत येऊन शेजारी जमिनीवर बसल्या. "चहा मिळेल का, वेदू?" त्यांनी विचारलं. चतुराबाई लाटण्यासकट धावल्या.

दुसऱ्या दिवशी ताई परवाना घेऊन आल्या आणि गांगुर्ड्यांसोबत जाऊन पिस्तूल, मॅगझिन आणि ती गोळी पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून आल्या. ठाण्यातल्या पावतीत गांगुर्ड्यांनी दोन चुका काढल्या. तिथला हवालदार वैतागला असणार. पण पावती नवीन झाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाचला गांगुर्ड्यांचा फोन वाजतो. कधी पलीकडे जनरल असतात, कधी कर्नल, एखाद्या दिवशी कॅप्टन.

"कोत बंद?"

"बंद, सर. सगळे नग आत."

आणि त्यांच्या दारावर पितळी पाटी आहे, 'हवालदार सावळीराम गांगुर्डे (निवृत्त)'. तिच्यातल्या पहिल्या शब्दावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावलेली आहे आणि तिच्यावर निळ्या पेनाने लिहिलंय, 'नाईक'.

"निवृत्तीनंतर पंचवीस वर्षांनी पद उतरलं," लंकाबाई जिन्यात मला म्हणाल्या, "आणि पाटी पुसताना हा माणूस शिट्टी वाजवतोय. बघा की हो, भाऊजी." मी बघितलं. गांगुर्ड्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.