वितळतं, सबब नापास

“बुरशी!”

डब्याचं झाकण उघडल्या उघडल्या मी इतक्या जोरात ओरडले की पॅकिंगच्या बायकांचे हात थांबले. डब्यात मेणकागदात गुंडाळलेल्या तपकिरी वड्या होत्या, एकेक शाळेतल्या पाटीएवढी. आणि प्रत्येकीवर पांढरट, राखेसारखा थर. डबा परदेशी, माल परदेशी आणि वर बुरशी. खरं सांगते, मला मनातून फार बरं वाटलं. नोकरीला लागून अडीच महिने होत आले होते आणि मी अजून काहीच नापास केलं नव्हतं.

पालघरला गोळ्यांचा एक कारखाना होता, तिथे मी केमिस्ट होते. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन भट्ट्या, तांब्याच्या कढया आणि पाक ओतायला दगडी ओटा. आम्ही लिमलेटच्या गोळ्या करायचो, पेपरमिंट करायचो आणि चॉकलेट करायचो. आमच्या चॉकलेटमध्ये साखर, ग्लुकोज, वनस्पती तूप आणि तपकिरी रंग असे. कोको घातलाय असं देवाशपथ सांगता यावं, इतकाच कोको.

शेठनी मुंबईतल्या एका मोठ्या फॅक्टरीत पांढऱ्या कोटातला माणूस बघितला होता. तसा एक आपल्याकडेही हवा म्हणून त्यांनी मला घेतलं. माझं काम सोपं. पाक किती डिग्रीला उतरवायचा ते थर्मामीटर लावून सांगायचं आणि तयार माल पास की नापास ते लिहायचं. बी.एस्सी. झालेली मी आमच्या माकुणसारची पहिलीच मुलगी. कोट मी घरूनच घालून निघायचे, नाहीतर गावाला कळणार कसं? सफाळे स्टेशनवर एका म्हातारीने मला डॉक्टरीण समजून घसा उघडून दाखवला. मी आत डोकावले आणि गुळण्या सांगितल्या. नाही म्हणायचं मला सुचलंच नाही.

“तीन महिने बघू, कुसुमबेन,” शेठ म्हणाले होते. “माल नीट गेला तर पर्मनंट. नाहीतर तुम्ही मोकळ्या, आम्ही मोकळे.” त्यातले पंधरा दिवस उरले होते. मी मोकळी झाले असते तर वडिलांना गावातल्या प्रत्येक ओटीवर जाऊन खुलासा द्यावा लागला असता, कारण त्यांनी प्रत्येक ओटीवर जाऊन पेढे दिले होते.

तर तो डबा. तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि परदेशी इंजिनियर बायकामुलांसह कॉलनीत राहायला आले होते. त्यांतल्या एका मॅडमनी हा डबा पाठवला होता. नाताळाला कॉलनीतल्या आणि साइटवरच्या कामगारांच्या मुलांना एकत्र खाऊ द्यायचा होता. चॉकलेट त्यांचं, आम्ही ते फक्त वितळवून आमच्या साच्यात ओतायचं आणि कागदात गुंडाळायचं. काम बिनअकलेचं. पण मॅडम खूश झाल्या तर कॉलनीच्या स्टोअरमध्ये आमच्या गोळ्या लागणार होत्या. त्यासाठी शेठनी पितळी साच्यांना चिंच लावून घेतली होती.

“तपासून घ्या,” शेठ म्हणाले. मग काय, मी तपासलं.

आमच्या मालाला ज्या चाचण्या लावायचे त्याच ह्याला लावल्या. माझ्या दृष्टीने न्याय म्हणजे न्याय. पहिली उन्हाची चाचणी. आमचं चॉकलेट दुपारी पत्र्यावर तासभर ठेवलं तरी होतं तसंच राहायचं. मॅडमचं दहा मिनिटांत चिखल. नापास. मग टेबलावरून खाली टाकायची चाचणी. आमचं चॉकलेट उडी मारून परत यायचं, एकदा तर फरशीचा टवका गेला होता. मॅडमचं खट्कन दोन तुकडे. नापास. पुढची चाचणी तोंडात किती वेळ टिकतं ती. आमचं चौदा मिनिटं, दाढेत राहिलेलं धरलं तर संध्याकाळपर्यंत. मॅडमचं मी कडाकडा चावलं, मिनिटात संपलं. वर कडू. शिवाय जीभ अजिबात रंगली नाही. आमच्या चॉकलेटने जीभ दुसऱ्या दिवशीपर्यंत तपकिरी राहायची आणि ते मी रिपोर्टात ‘टिकाऊ रंग’ म्हणून अभिमानाने लिहायचे.

पॅकिंगच्या मुख्य बाई होत्या चांगुणामावशी. सातपाटीच्या. घरच्या दोन होड्या, आयुष्य बर्फातली मासळी निवडण्यात आणि सुकवण्यात गेलेलं. गुडघे दुखायला लागले तशा वाळूवरून उठून आमच्याकडे बसायला आलेल्या. त्यांनी वडी उचलली, नाकाशी नेली, मग अंगठ्याने वरचा पांढरा थर चोळला. थर गेला. खाली चकचकीत तपकिरी.

“बुरशी नाय ही, बाय.”

“मावशी, डोळ्यांना दिसतेय की!”

“दिसतंय ता खरा. खाऱ्या मासळीवर मीठ फुलतं, ता पन पांढरंच दिसतं. शिकलेली गिऱ्हाईकं बुरशी म्हनून टाकून जातात. बुरशीला केस असतात आनि तिला घान येते. ह्याला केस नाय, घान नाय. आतलं कायतरी वर आलंय.”

“तुम्ही केमिस्ट की मी?”

“तूच गो. पन नाक माजा हाय.”

मी तिथेच विषय संपवला. खरं तर मावशींनी मला फुकटात ब्लूम शिकवला होता. चॉकलेटमध्ये कोकोचं लोणी असतं. गरमीने ते सुटून वर येतं, थंड झालं की तिथेच गोठून पांढरं दिसतं. बिचारं चॉकलेट बोटीतून आणि गोदीतून उकडत आलं होतं. हे मला पुढे पुस्तकात वाचायला मिळालं. पण त्या दिवशी मी कोटाच्या खिशातून लाल पेन काढलं.

रिपोर्ट इंग्रजीत, दोन पानी. सगळ्या चाचण्या, सगळ्यांत नापास. त्यात एक वाक्य होतं, ते मराठीत सांगायचं तर असं: ‘सदर माल माणसाच्या अंगाच्या उष्णतेस वितळतो, सबब मनुष्यप्राण्यास खाण्यास अयोग्य.’ पुढे मी उदारपणे लिहिलं की मूळ कारखान्यात साखर घालायची बहुधा राहून गेली असावी. औषध म्हणून उपयोग होऊ शकेल. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, माल नष्ट करण्यात आला असून त्याऐवजी आमचं उत्कृष्ट चॉकलेट पुरवण्यात येत आहे.

शेठ इंग्रजी वाचत नसत, पण सही फार सुंदर करत. ती त्यांनी केली. रिपोर्ट तारापूरला गेला. मी मावशींना डबा भट्टीत टाकायला सांगितलं आणि आमची दोनशे चॉकलेटं ओतायला घेतली.

दोन दिवसांनी दारात जीप उभी राहिली.

मॅडम उंच, उन्हाने लालबुंद, हातात माझा रिपोर्ट. आत येता येता पहिलं पान वाचत होत्या आणि हसत होत्या. साधं हसणं नाही. एका हाताने दाराची चौकट धरून, डोळ्यांतून पाणी. त्यांचं इंग्रजी मला एक अक्षर कळेना. माझं इंग्रजी फक्त कागदावर चालायचं.

“काय म्हणतात?” शेठनी कुजबुजत विचारलं.

“खूश आहेत,” मी म्हणाले.

जीपचा ड्रायव्हर इब्राहिमभाई साइटवर राहून इंग्रजी शिकलेला. तो म्हणाला, “मैडम बोलती है, इतना अच्छा चीज़ उसने इंडिया आके पढ़ा नहीं. पूछती है, किसने लिखा?”

मी एक पाऊल पुढे आले. कोटाचं बटणही लावलं.

मॅडमनी मान हलवली, पान उलटलं आणि तळापर्यंत गेल्या. हसू थांबलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, मग माझ्याकडे बघून हळूच काहीतरी विचारलं.

“पूछती है, जला दिया क्या? उसकी माँ ने भेजा था. छह महीना पहले बोला था, तब आया.”

शेठ माझ्याकडे वळले. “काय जाळलं?”

“माल... नष्ट केला, शेठ. तुम्ही सही केलीत.”

“मी?” शेठ ओट्यावर बसले. ओट्यावर लिमलेटचा गरम पाक होता. ते लगेच उठले, पण धोतर थोडं मागे राहिलं.

एरवी मी हसले असते. पण मॅडमनी रिपोर्टाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. पंधरा दिवस, पर्मनंट, वडिलांचे पेढे, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आणि प्रथमच हेही आलं की मी कुणाच्या तरी आईने पाठवलेला खाऊ जाळलाय.

“सॉरी मॅडम,” मी म्हणाले. एवढं बोलता आलं.

तेवढ्यात मावशी पदराला हात पुसत उठल्या. पाण्याच्या पिंपामागे गेल्या आणि डबा घेऊन आल्या.

“नाय टाकला. चांगला माल भट्टीत टाकायला हात नाय धजला. थंडाव्याला ठेवलेला.” मग माझ्याकडे बघून, “आता बोल मला काय बोलायचं ता.”

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्या म्हणाल्या, “ऊठ, कोट मळेल.”

मॅडमनी मावशींचे दोन्ही हात धरले आणि एकदम दचकल्या. मग काहीतरी बोलल्या.

“बोलती है, हाथ बहुत ठंडा है. बोलती है, ऐसा ही हाथ मंगता है.”

जन्मभर बर्फात मासळी चिवडलेले हात ते. मॅडमनी बाह्या वर केल्या आणि तिथल्या तिथे शिकवायला सुरुवात केली. ह्याला टेम्परिंग म्हणतात. चॉकलेट मंद वितळवायचं, मग थंड दगडावर पसरून उलथ्याने मागेपुढे करायचं, कोमट झालं की साच्यात. हे जमलं तर पांढरं येत नाही, चकाकी राहते आणि मोडताना कट्कन आवाज येतो. तो आवाज चांगल्या मालाची खूण. मी त्यालाच नापास केलं होतं.

आमचा ओटा गरम, म्हणून सातपाटीहून मासळीचा बर्फ मागवला. तो येईपर्यंत मी थर्मामीटर घेऊन तयार. पण आमचा थर्मामीटर उकळत्या पाकाचा, त्याचे आकडे कोमटाच्या बरेच वर सुरू व्हायचे. मॅडमनी तो माझ्या हातातून काढून घेतला, माझ्याच कोटाच्या खिशात परत ठेवला आणि बोटाने थोडं चॉकलेट माझ्या खालच्या ओठाला लावलं. ओठाला किंचित गार लागलं की झालं. मग आम्ही तिघी ओठाला लावतोय, मान हलवतोय, परत लावतोय. शेठ धोतर बदलून आले तेव्हा त्यांना तीन तपकिरी हनुवट्या दिसल्या. ते आल्या पावली परत गेले.

माझे हात मात्र तापट. मी हात लावला की सगळं पातळ व्हायचं. मॅडमनी मला एका कोपऱ्यात बसवलं आणि एक तुकडा दिला. इब्राहिमभाईने निरोप सांगितला, “चबाने का नहीं. जीभ पे रखो और चुप बैठो.”

चुप बसणं मला अवघड. पण बसले. आधी काढ्यासारखं कडू. मग भाजलेलं काहीतरी, सुक्या खोबऱ्याच्या जवळचं. मग ते आपोआप सैल झालं, जिभेवर पसरलं आणि शेवटी घोलवडच्या पिकलेल्या चिकूची आठवण येईल असं काहीतरी मागे राहिलं. अंगाच्या उष्णतेला वितळणं हा त्याचा दोष नव्हता. ते तेवढ्यासाठीच केलेलं होतं. आणि मी त्याला पत्र्यावर ठेवून, टेबलावरून टाकून, दाढेखाली चिरडून बघितलं होतं. कुणी आंबा भिंतीवर मारून तपासावा तशी गत.

मावशींनी डोळे मिटून एक तुकडा संपवला. “भाजलंय बराबर,” त्या म्हणाल्या. “मीठ कमी हाय.” मॅडम पुन्हा हसल्या. आता दुकानात खारवलेलं चॉकलेट चांदीच्या कागदात मिळतं, तेव्हा मला वाटतं, ही बाई पालघरच्या शेडमध्ये बसून किती पुढचं बोलली!

नाताळाला आम्ही दोन्ही माल घेऊन गेलो. मॅडमचं चॉकलेट आमच्या माशाच्या साच्यातलं, दोनशे चकचकीत मासे. मुलांनी ते डोळे मोठे करून खाल्लं. मग आमचं खाल्लं. त्यानंतर अर्धा तास मैदानावर कुणाचाच आवाज नाही, सगळ्यांचे जबडे अडकलेले. एका गोऱ्या बाईने येऊन विचारलं की हे शांत राहण्याचं चॉकलेट कुठे मिळतं. कॉलनीच्या स्टोअरमध्ये आमचा माल लागला तो ह्या गुणावर.

तीन महिने भरले त्या दिवशी शेठनी मला बोलावलं. मी कोट काढून, घडी घालून, हातात घेऊनच गेले.

“कुसुमबेन, मॅडमसारखा माल आपल्याला करता येईल?”

“आपल्या पत्र्याखाली नाही येणार, शेठ. मे महिन्यात टपरीवर त्याचं सरबत होईल.”

“मग तुमच्या चाचण्या बरोबर होत्या. फक्त दुसऱ्याच्या मालाला लावल्या.” शेठनी विचार केला. “पर्मनंट. पण एक अट. यापुढे कुठलाही माल नापास करायचा तर चांगुणाबेनना विचारून.”

त्या दिवसापासून माझ्या रिपोर्टावर खाली दोन खुणा असत. डावीकडे माझी सही, बी.एस्सी.सकट. उजवीकडे मावशींचा अंगठा. दोघींचं जमलं नाही तर अंगठ्याचं चाले. सात वर्षांत असं अकरा वेळा झालं. दहा वेळा त्यांचं बरोबर निघालं. अकराव्या वेळीही निघालं असतं, पण त्या दिवशी त्यांना सर्दी होती.