पिशवी कुजली का, बाबा?

माती हलवली की गांडूळ निघतंच. तसं सिल्वासाचं नाव निघालं की माझ्या तोंडून एक तरी किस्सा निघतो. एकाला हात लावावा, तर मागे चार वळवळतात!

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी तिथे एका प्लॅस्टिक फॅक्टरीत माळी होतो. पुण्याचे जोशीसाहेब तिथल्या लॅबमध्ये मातीत कुजणारी पिशवी बनवत होते. प्लॅस्टिकमध्ये मक्याचं पीठ मिसळायचं, म्हणजे मातीतले जंतू ते खातात म्हणे. मला म्हणाले, "बाबा, पिशवीच्या या पट्ट्या मातीत पुरायच्या आणि पंधरा दिवसांनी उकरायच्या."

म्हटलं, "पुरलेलं उकरायचं? हे तर कुत्र्याचं काम, साहेब!"

"इथे त्याला पगार आहे, बाबा!"

*

मुंबईचे मॅनेजर दर सोमवारी फोन करायचे. "जोशी, कुजलं का?"

"हळूहळू, सर."

"अहो, मुंबईत भाजी दोन दिवसांत कुजते! दिवाळीपर्यंत रिझल्ट द्या, नाहीतर लॅब बंद."

लॅब बंद म्हणजे साहेबांची नोकरी गेली. त्या दिवसापासून साहेबांचं जेवण कमी झालं अन् माझं खणणं वाढलं.

*

साहेब लॅबमध्ये बाटल्यांत जंतू वाढवायचे. लाइट गेली की त्या बाटल्या गार पडायच्या. मग जंतू मरू नयेत म्हणून साहेब त्या शालीत गुंडाळून डोकमर्डीला घरी न्यायचे. स्कूटरवर मागे मी, मांडीवर बाटल्या. एकदा दारातच बाईसाहेब म्हणाल्या, "मला ताप होता तेव्हा साधी चादर नाही घातलीत!"

*

उकरलेल्या पट्ट्या खानवेलच्या लक्ष्मीबाई धुवायच्या. एकदा वजन केलं तर चांगलंच घटलेलं! साहेब उड्या मारायला लागले. मग मोरीकडे बघतात तर काय, लक्ष्मीबाई राख अन् काथ्या घेऊन पट्टी घासतायत!

"लक्ष्मीबाई, जंतूंपेक्षा जास्त तुम्हीच खाल्लं की हो!"

"मळ होता, काढला. आता मळ पण ठेवायचा का?"

*

शेवटी खड्डे दोन झाले. एकात साधी माती. दुसऱ्यात साहेबांनी भट्टीत भाजलेली, जंतू मारलेली माती. पहिल्यातली पट्टी कुजावी, दुसऱ्यातली जशीच्या तशी राहावी, तरच जंतू खातात हे सिद्ध होणार.

दिवाळीच्या तोंडावर मॅनेजर स्वतः आले. पहिला खड्डा उकरला. पट्टीची चाळणी! मॅनेजर खूश.

दुसरा उकरला. त्यातल्या पट्टीचीही चाळणी!

साहेबांचा चेहरा उतरला. "बाबा, यात काय घातलंत?"

"माती पार मेलेली दिसली, साहेब. दया आली. रोज तांब्याभर शेणपाणी घालत होतो. बघा, कसा जीव धरलाय!"

मी हात जोडले. "चूक माझी. साहेबांची लॅब बंद करू नका."

मॅनेजरांनी ती पट्टी बराच वेळ उजेडात धरली. मग म्हणाले, "जोशी, शेणातले जंतू खातायत तर खरं. आणखी सहा महिने घ्या. माती पुन्हा भाजा. आणि या बाबांना इथे फिरकू देऊ नका. खड्ड्यावर वॉचमन ठेवा!"

साहेबांनी त्याच दिवशी वॉचमन नेमला. मलाच!