फळ्यावरच्या दोन याद्या

काल कोर्टाचा जुना काळा कोट झटकताना खिशातून खडूचा तुकडा पडला आणि म्हैसूरच्या कॉलेजातला तो वर्ग आठवला. दिवसभर कोर्टात उभं राहून संध्याकाळी मी तिथे राज्यघटना शिकवायचो. त्या दिवशी फळ्यावर दोन याद्या लिहिल्या होत्या: फक्त नागरिकांचे हक्क आणि सगळ्यांचे हक्क.

बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतली विद्यार्थिनी डोल्मा उठली. "सर, माझा जन्म इथलाच, पण कार्ड निर्वासिताचं. मग मी कुठल्या यादीत?"

माझे पाय भरून आले होते. "परीक्षेत येत नाही ते. बस खाली, अम्मा," मुलींना तिकडे म्हणतात तसं मी म्हटलं.

तिने दोन्ही याद्या सुवाच्य अक्षरात उतरवून घेतल्या.

इथे १९८७च्या जुलैआधी जन्मलेली, म्हणजे जन्माच्या वेळच्या कायद्याने ती भारतीय नागरिकच होती. मला ते पाठ होतं. बोलायचा कंटाळा आला होता, एवढंच.