एकसष्टावं पान

माझी आत्या पुस्तकं बांधते. छापखान्याच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली तिचं लांब टेबल आहे. एकतीस वर्षांत त्या टेबलावरून किती पुस्तकं उठून जगात गेली, ते तिलाही सांगता येणार नाही. फर्मे, म्हणजे घडी घातलेले छापील ताव, जुळवायचे, दोरा ओवायचा, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. मी त्याच खोलीत शिलाईच्या मशीनवर बसते, त्यामुळे हे ऐकीव नाही, डोळ्यांदेखतचं आहे.

तिच्या उजव्या अंगठ्यात एक विद्या आहे. कागदाच्या थप्पीच्या कडेवरून तो एकदा फिरला की ती म्हणते, "ब्याण्णव." मोजून बघा, ब्याण्णवच भरतात. थप्पी लहान असेल तर अंगठाही लागत नाही, नजर पुरते.

अशी ही बाई सात वर्षांपूर्वी पत्त्यांच्या नादी लागली. कोपऱ्यावरच्या खेळांच्या दुकानातून नियमांचं एक फाटकं पुस्तक बांधायला आलं होतं. ते बांधता बांधता तिने वाचलं आणि परत द्यायला गेली ती तिथेच बसली. खेळ असा की हजारो चित्रांच्या पानांमधून प्रत्येकाने आपापली साठ किंवा अधिक पानं निवडून आणायची. पानांवर राक्षस, शिपाई, जादूगार, जनावरं. दोघं समोरासमोर बसतात, सुरुवातीला सात-सात पानं हातात घेतात, मग दर खेपेला एकेक पान ओढतात. समोरच्याचे वीस प्राण संपवले की डाव जिंकला. आणि ज्याला ओढायला पानच उरलं नाही, तो हरला.

तिथली पोरं आपल्या पानांना डेक म्हणत. आत्या म्हणे, कॅट.

दुकानाच्या दाराशी बिस्किटांचा एक जुना डबा असे. लोक नवी पाकिटं फोडत, जोरकस पानं ठेवून घेत आणि बाकीची त्या डब्यात टाकत. ज्याला हवं त्याने घ्यावं. आत्या फक्त त्या डब्यातूनच कॅट बांधायची. एकदा तिने असा कॅट बांधला की चित्रातलं प्रत्येक पात्र पाठमोरं. एकदा नुसते दरवाजे आणि पूल. ती बहुतेक वेळा हरायची, पण हरताना समोरचा पोट धरून हसत असायचा. रविवारी सकाळी दुकानातलं मागचं टेबल तिचं, एका निवृत्त कंडक्टरकाकांचं आणि रात्रपाळी उतरून थेट येणाऱ्या एका नर्सबाईंचं. पुढचं टेबल स्पर्धेवाल्यांचं.

घरी माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, वैतागायचे. "अगं, पन्नाशी उलटली तुझी. पत्ते कसले कुटत बसतेस?"

"तू बातम्या बघून कपाळ कुटतोस, मी पत्ते कुटते," आत्या म्हणायची. "माझं कपाळ तरी शाबूत आहे."

मग एका रविवारी दुकानदाराने सांगितलं की मागचं टेबलही आता स्पर्धेला जाणार. त्याचा सूर नरम होता, पण बोलणं पक्कं होतं. पुढच्या टेबलावर एक तरुण होता, विमा कचेरीत कामाला. सलग चार स्पर्धा जिंकलेला, म्हणून त्याला सगळे चॅम्पियनच म्हणत. तो मान वर न करता म्हणाला, "बरं झालं. तिथे खेळतं कोण? रद्दी वाटत बसतात."

आत्या उठली. टेबलावर पानं उभी ठोकून तिने थप्पी सारखी केली. ठक, ठक. राग आला की ती असंच करते, छापखान्यातही.

"रद्दी कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस रे बाळा. मी रद्दीतून पुस्तकं वाचवते."

"मग एक डाव जिंकून दाखवा, आत्या. त्या डब्यातल्या पानांनी."

दुकानदाराला गंमत वाटली. सगळ्यांसमोर तो बोलून गेला, "पुढच्या रविवारी तीन डाव होऊ द्या. आत्यांनी एक जरी जिंकला तरी टेबल कायमचं तुमचं. शब्द माझा."

त्या आठवड्यात मी कच खाल्ली, हे कबूल करते. ओळखीतल्या एकाकडून मी जिंकणाऱ्या पानांची यादी आणली, त्याबरहुकूम लावलेला अख्खा डेकही मागून आणला. जेवणाच्या सुट्टीत तो तिच्यापुढे ठेवला. "एका दिवसापुरता वापर ना. टेबल वाचेल."

तिने तो उघडूनही पाहिला नाही. "दुसऱ्याच्या यादीने वाचलेलं टेबल कुणाचं गं? यादीवाल्याचं."

"आणि गेलं म्हणजे?"

"गेलं तर माझ्या हाताने जाईल. उचल ते, खळ सांडेल."

तिने जो कॅट बांधला तो झोपाळूंचा होता. पहाऱ्यावर पेंगणारा शिपाई, डुलकी घेणारा राक्षस, आळसावलेलं अस्वल. झोपलेलं पात्र हल्ला करत नाही, पण वाटेत आडवं पडलेलं असतं. त्याला ओलांडल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नाही. शिवाय अंगाईची पानं होती. अंगाई खेळली की दोघांनीही एकेक जादा पान ओढायचं. अशी साठ पानं झाली आणि एक उरलं. खुर्चीत झोपलेली म्हातारी. त्या पानाचा कोपरा तुटला होता, आत्याने तो पातळ कागद आणि खळ लावून सांधला होता.

"साठ पुरेत की," मी म्हटलं.

"हिला बाहेर कशी काढू? झोपलेल्या माणसाला उठवू नये."

रविवारी चॅम्पियनने खेळण्याआधी तिची पानं मोजली. शिरस्ताच आहे तो. "एकसष्ट?" तो हसला. "आत्या, साठाच्या वर एक पान घेतलं की चांगली पानं हाती यायची शक्यता कमी होते. शेंबड्या पोरालाही कळतं हे."

"नियमात बसतं ना?"

"बसतं. शहाणपणात बसत नाही."

"मग नियमातच खेळू. शहाणपण तुझ्याकडे राहू दे."

पहिला डाव सहा खेपांत संपला. त्याच्या आगीच्या घोड्यांनी झोपाळूंना आडवं व्हायलाही वेळ दिला नाही. पुढच्या टेबलावर कुणीतरी घोरण्याचा आवाज काढला. कंडक्टरकाकांनी मान फिरवली.

दुसरा डाव. हरणारा आधी सुरू करतो, म्हणून पहिलं पान आत्याने ओढलं. शिपाई आडवा झाला, अस्वल आडवं झालं, म्हातारी लवकरच हाती आली आणि आडवी झाली. घोडे येत, अडत, परतत. एक अंगाई, दुसरी अंगाई. चाळीस खेपा झाल्या. आत्याचे प्राण तीनवर आले आणि तिथेच थांबले. त्याच्या डेकने इतका लांब डाव कधी पाहिलाच नव्हता. जिंकायचं तर दहा खेपांत, नंतरचं त्याला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

आत्याने ओढायला हात पुढे केला आणि थांबली. दोन्ही थप्प्यांवरून तिची नजर फिरली. "तुझी अकरा राहिली. माझी बारा."

"काय?"

"पानं. नंतर म्हणशील, सांगितलं नाही."

त्याने मोजली. अकरा. मग तिची मोजली. बारा. दुकानात सगळे उठून भोवती आले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, हिशेब जुळताना दिसत होता. त्याची साठ, तिची एकसष्ट, आणि दोघंही सारखीच पानं ओढत होती. आत्या आधी ओढायची. तिची पानं साठ असती, तर रिकाम्या थप्पीवर पहिला हात तिचा पडला असता.

मग त्याने जे होतं ते सगळं लोटलं. घोडे, वणवा, एक तीन डोक्यांचा साप. राक्षस गेला, शिपाई गेला. प्राण दोनवर आले, मग एकवर. शेवटी आडवी एकटी म्हातारी उरली.

"ही करते काय?" तो चिडून म्हणाला.

"काही नाही. झोपते."

आत्याने आपलं शेवटचं पान ओढलं. अस्वल निघालं. तेही तिने म्हातारीशेजारी आडवं ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. "तुझी पाळी."

त्याचा हात थप्पीच्या जागेवर गेला. तिथे नुसतं टेबल होतं.

नर्सबाई एवढ्या जोरात ओरडल्या की रस्त्यावरचा एक माणूस आत डोकावला. चॅम्पियन म्हणाला, "नशीब!"

"नशीब नाही. एकसष्ट."

तिसरा डाव आत्या पाच मिनिटांत हरली. पाठमोऱ्या पात्रांचा कॅट काढला होता तिने, मुद्दाम. दुकानदार पडेल तोंडाने म्हणाला, "टेबल तुमचं, आत्या. पण खेळात शेवटी तोच जिंकला हं, दोन-एक."

"जिंकू दे की. त्याने टेबल कुठे मागितलं होतं?"

तिने पानं ठोकून सारखी केली. दाराशी जाऊन बिस्किटांचा डबा उचलला, मागच्या टेबलाच्या मधोमध आणून ठेवला आणि बाह्या सारून तळापासून चाळायला बसली.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा तिच्या कॅटमध्ये बासष्ट पानं होती.