तीन पक्षांची घोषणाताई

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात तिची सगळी नोकरी गेली, म्हणून गावात सगळे तिला घोषणाताई म्हणत. निवृत्तीनंतर धाकट्या दिराने घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून रेकॉर्डिंगची सोय करून दिली. कपड्यांच्या सेलपासून हरवलेल्या कुत्र्यापर्यंत ती काहीही वाचायची. अडचण एकच होती. वाचता वाचता तिला ते सगळं पटायचं. दातांच्या पावडरची जाहिरात केली, तेव्हा घरादाराला महिनाभर तीच पावडर लावावी लागली.

मग निवडणूक लागली आणि त्या वर्षी सगळ्याच पक्षांना करचुकवेगिरीची चीड आली. सत्ताधाऱ्यांनी मजकूर पाठवला, ‘करबुडव्यांना तुरुंगात टाकू.’ विरोधकांचा आला, ‘कायद्यातल्या पळवाटा बुजवू, बड्या कंपन्यांनी देशाबाहेर दडवलेला नफा परत आणू.’ नवा तिसरा पक्ष म्हणाला, ‘कर इतका कमी करू की बुडवायला कुणाला हुरूपच येणार नाही.’ ताईने तिघांचंही जीव ओतून वाचलं. एकासाठी आवाज करडा, दुसऱ्यासाठी दुखावलेला, तिसऱ्यासाठी हसरा. तिन्ही प्रचारगाड्या एका चौकात आल्या की बाई स्वतःशीच कडाकडा भांडतेय असं वाटायचं.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ताईने पावतीपुस्तक काढलं.

“पावती कशाला?” सत्ताधाऱ्यांचा कार्यकर्ता म्हणाला. “घरचंच काम आहे.”

“मग मी कर कशावर भरू?”

“नका भरू. आम्ही कुठे कुणाला सांगतोय?”

विरोधकांचा माणूस जास्त शिकलेला होता. “मोबदला म्हणूच नका, भेट म्हणा. भेटीला काही लागत नाही.” तिसऱ्याने हात जोडले. “ताई, आम्ही निवडून आलो की कर कमी होईल. तेव्हा फाडा पावती.”

तिघेही रोख ठेवून गेले. ताईने ती सगळी रक्कम उत्पन्नात दाखवली आणि कर भरला. दिराने कपाळाला हात लावला.

“वहिनी, देणारे गप्प आहेत, तुम्हीच का गाजावाजा करताय?”

“गावाला ऐकवलंय मी. आता मीच नाही पाळलं तर कसं दिसेल?”

काही महिन्यांनी कर कार्यालयातून बोलावणं आलं. अधिकारी सर्दीने बेजार होता. तो नाक पुसत म्हणाला, “तिन्ही पक्षांच्या हिशेबात तुम्ही स्वयंसेविका आहात. फुकट काम केलंत. मग हे पैसे आले कुठून?”

“त्यांच्याकडूनच.”

“ते नाही म्हणतात.”

“तिघंही?”

“तिघंही. एकमताने.”

“मग इतके दिवस भांडत कशावर होते?”

अधिकारी म्हणाला, “पैसे लपवणारे रोज येतात, त्यांचं काय करायचं ते आम्हाला ठाऊक आहे. तुमचं काय करायचं ते वरिष्ठांना विचारावं लागेल.” विचारून आला आणि त्याने लिहिलं, ‘अज्ञात मार्गाने मिळालेले उत्पन्न’.

“अहो, हे चोरीचं वाटतंय.”

“वाटू द्या. कर भरलाय ना? मग आमची हरकत नाही.”

ताई जिना उतरली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला खोटं ठरवलं होतं, तेही अगदी नम्रपणे.

निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, म्हणून तिघांनी मिळून सरकार बनवलं आणि करचुकवेगिरीवर एक समिती नेमली. समितीची जाहिरात ताईकडून वाचून घ्यायला तिघांचे कार्यकर्ते एकाच मोटारीतून आले.

“आधी पावतीवर सही,” ताई दारातच म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोटार वळवली. पुढे ती जाहिरात संगणकाच्या आवाजात आली. संगणकाने काही मागितलं नाही.

त्या सर्दीवाल्या अधिकाऱ्याला मात्र ताईचा आवाज आवडला होता. कार्यालयाच्या फोनवर आता तीच बोलते, “कृपया थांबा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” त्याचे पैसे कर कापून थेट बँकेत आले, तेव्हा तिने दिराला पासबुक दोनदा दाखवलं. दूरच्या गावी राहणारी तिची थोरली बहीण कधीमधी तो नंबर फिरवते आणि खुर्चीत टेकून ताईचा आवाज ऐकत बसते. पलीकडे कुणी खरंच फोन उचलला, की काही न बोलता ठेवून देते.