बोटात परतलेली ऊब

भवानीला कुंकू लावायचं ते बोटच काळं पडायला लागलं, तेव्हा तिच्यापुढे बसून काय मागावं हेच मला कळेनासं झालं. गारठ्यात माझी बोटं आधी पांढरी, मग निळी पडत. इकडे कन्नड मुलखात, के. आर. पुरमला घरीच मी ब्लाउज शिवते. सुई टोचली तरी समजायचं नाही. त्या हिवाळ्यात अनामिकेच्या टोकाला जखम झाली, ती भरेचना. एका डॉक्टरांनी पेर कापावं लागेल म्हणून सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी शिरेतून औषध देऊन बघू. आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टासायक्लिन तयार होतं. ते वाहिन्या सैल ठेवतं, गुठळ्या होऊ देत नाही. हे औषध तसंच काम करतं."

मी आणखीनच गोंधळले. जे माझ्या अंगातच बनतं, ते बाहेरून का घ्यायचं? शरीर देवीनंच घडवलं, तर मग माझ्याच बोटांना ती विसरली कशी? असं मनात आलं याचीही भीती वाटली.

इस्पितळात औषध सुरू झालं तसा चेहरा तापला, डोकं ठणकू लागलं, जबडा दुखायला लागला. यजमान खाली चहाला गेले होते. आता आपलं काही खरं नाही असं वाटून मी सुई उपसायला हात नेला, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची बाई उठून आली. ओळख ना पाळख.

"बेडा अक्का, नको," ती कन्नडात म्हणाली, "स्वल्प थांबा, नर्सला बोलावते."

घंटी दाबून तिनं माझा दुसरा हात दोन्ही हातांत धरला. नर्सनं औषधाचा वेग कमी केला. ठणका उतरला, आणि कितीतरी दिवसांनी बोटांत ऊब जाणवली. औषधाची, की त्या बाईच्या हातांची, मला सांगता येईना. सकाळी उठले तर ती घरी गेली होती. नावही विचारायचं राहिलं.

जखम भरली, पेर वाचलं; नख तेवढं वाकडं आलं. डॉक्टरबाईंना विचारलं, बोट कशानं वाचलं?

"औषधानं," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांना इतका गुण येत नाही. तुम्हालाच का आला, ते मलाही ठाऊक नाही."

घरी येताना ते वाक्य मनात घोळत राहिलं. आधी सगळं कळावं, मग शरण जावं, असा माझा हट्ट होता. अजूनही फारसं कळलेलं नाही. तरी देवीपुढे बसते, आणि डॉक्टरबाई, औषध, त्या बाईलाही धरून सगळ्यांना एकच नमस्कार करते. त्यातला कुणाला किती पोचतो, ते देवीचं देवीनं बघावं.